डिव्हिजन टूमध्ये उतरण्याचा शहाणपणा

अमेरिकेत आयोवातील डे मॉइन येथील ड्रेक विद्यापीठात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर एक फिरता मजकूर टाकला आणि खाली विचारले, "मामा, म्हणजे आमच्या ड्रेकचे बास्केटबॉल संपले का?" मजकुराचे म्हणणे असे, की अमेरिकेतील कॉन्फरन्सांची (विद्यापीठांचे संघ ज्यांत आपसात खेळतात त्या गटांची) उलथापालथ झाल्यापासून पैशावाचून खेळाडू मिळत नाहीत, टिकायचे तर मोठ्या कॉन्फरन्समध्ये शिरणे हाच मार्ग आहे आणि ज्यांना ते जमणार नाही, त्या छोट्या विद्यापीठांनी मुकाट्याने डिव्हिजन टूमध्ये, म्हणजे विद्यापीठीय खेळांच्या खालच्या श्रेणीत, उतरावे.

हा शेवटचा सल्ला आधी घेतो, कारण तो देणाऱ्याने ड्रेकचा 2024-25 चा हंगाम पाहिलेलाच दिसत नाही. त्याआधी ड्रेकचे प्रशिक्षक वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाकडे निघून गेले होते आणि संघ जवळजवळ रिकामा झाला होता. त्यांच्या जागी आलेले बेन मॅकॉलम हे डिव्हिजन टूमधल्याच नॉर्थवेस्ट मिझुरी स्टेटचे. तेथे त्यांनी 4 राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली होती आणि येताना त्यांनी तेथलेच 4 खेळाडू सोबत आणले. ज्या विभागात उतरण्याचा उपदेश हा मजकूर करतो, त्याच विभागातून वर आलेल्या या मुलांच्या बळावर ड्रेकने मायामी, व्हँडरबिल्ट, कॅन्सस स्टेट आणि एनसीएए या विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेत मिझुरी (67-57) अशा बड्या संघांना हरवले आणि 31 विजय व 4 पराभव अशी कामगिरी नोंदवली. यात चमत्कार कसला? 30 सेकंदांचे शॉट क्लॉक (बास्केटकडे नेम धरण्यासाठी मिळणारी मुदत) संपत येईपर्यंत चेंडू फिरवत राहायचे, घाईने नेम धरायचा नाही आणि 40 मिनिटांत दोन्ही संघांच्या वाट्याला येणाऱ्या संधीच घटवायच्या. संधी जितक्या कमी, तितका बलाढ्य संघाला आपला वरचढपणा दाखवायला वाव कमी. त्या चौघांपैकी बेनेट स्टर्ट्झने मिझुरीविरुद्ध केलेले 21 गुण याच संथ खेळातले आहेत.

पैशाचा मुद्दा अर्धा खरा आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीमुळे विद्यापीठांना सर्व खेळ मिळून खेळाडूंना पहिल्या वर्षी सुमारे 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत थेट देण्याची मुभा मिळाली, आणि एवढी रक्कम छोट्यांच्या आवाक्यात नाही. त्याच वर्षी एनसीएए स्पर्धेतले अखेरचे सोळाही संघ चारच कॉन्फरन्सांमधले होते. मॅकॉलम आणि स्टर्ट्झ दोघेही वर्षभरात आयोवा विद्यापीठाकडे गेले, तेव्हा टिकवण्याची अडचण खरीच आहे. पण ती खेळाडू न मिळण्याची अडचण नव्हे.

राहिला कॉन्फरन्स बदलण्याचा मुद्दा. लॉयोला शिकागो विद्यापीठाने 2018 मध्ये ड्रेकच्याच मिझुरी व्हॅली कॉन्फरन्समधून एनसीएए स्पर्धेच्या अंतिम चौघांत धडक मारली होती. 2022 मध्ये ते अटलांटिक 10 या अधिक बलाढ्य कॉन्फरन्समध्ये गेले आणि पहिल्या हंगामात 10 सामने जिंकून 21 हरले. भाच्याला मी एवढेच कळवले, की ड्रेक अजून मिझुरी व्हॅलीतच आहे आणि मॅकॉलम यांच्या जागी आलेले एरिक हेंडरसनही साउथ डकोटा स्टेटसारख्या छोट्याच ठिकाणाहून आले आहेत.