पिल्लाच्या हृदयातला मर्मर ‘आपोआप जातो’? अर्धवट माहितीचा खुलासा

मुंबईतल्या श्वानप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘लहान पिल्लाच्या छातीत मर्मर ऐकू आला तर घाबरू नका, वाढीबरोबर जातो, टू-डी इकोवर पैसे घालवू नका.’ मर्मर म्हणजे हृदयाच्या ठोक्यांबरोबर ऐकू येणारा फुसफुस आवाज; टू-डी इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मेसेजमधला पहिला भाग काही पिल्लांपुरता खरा आहे. इको टाळण्याचा सल्ला जिवावर बेतू शकतो.

निरुपद्रवी मर्मर हलका असतो, सहापैकी पहिल्या-दुसऱ्या ग्रेडचा, आणि साधारण चार-पाच महिन्यांपर्यंत नाहीसा होतो. म्हणून प्रत्येक लसीच्या वेळी डॉक्टरांना स्टेथोस्कोप लावायला सांगा आणि ग्रेड फाइलवर लिहून घ्या. मर्मर मोठा असेल, वाढत असेल किंवा पाच महिन्यांनंतरही टिकला, तर इको हवाच.

पीडीए (पेटंट डक्टस आर्टेरिओसस) हा जन्मजात दोष तर वाट पाहण्याचा नाहीच. गर्भात महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी नळी जन्मानंतर काही दिवसांत बंद व्हायला हवी. ती उघडी राहिली की जादा रक्त फुप्फुसांत जातं, हृदयाची डावी बाजू फुगते. डाव्या काखेत तळहात ठेवला तर बऱ्याचदा सतत थरथर जाणवते. पॉमेरेनियन माद्यांमध्ये विशेष तपासा. वेळेत नळी बांधली किंवा कॅथेटरने बंद केली तर बहुतेक पिल्लं सामान्य आयुष्य जगतात. मात्र प्रवाह उलटा झाला, मागच्या भागाची त्वचा निळसर पडू लागली, की नळी बंद करता येत नाही.

गोल्डन रिट्रीव्हरमधला महाधमनीखालचा अरुंदपणा (हृदयातून रक्त बाहेर पडण्याची वाट अरुंद असणं) तर वाढीबरोबर जाण्याऐवजी बळावू शकतो.

आणि धाप? ‘मुंबईचा उकाडा’ म्हणून सोडू नका. गाढ झोपेत ३० सेकंद छातीचे चढउतार मोजा, दुप्पट करा. आकडा वारंवार ३० च्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.