‘अभ्यास वाढवा’ म्हणणाऱ्या अनामित वाचकांस

नमस्कार,

नाव दिलं असतंत तर नावानं बोललो असतो. इटालियन आणि फ्रेंच सिनेमांच्या साउंडट्रॅकच्या रीइश्यूंवर (म्हणजे सिनेमासंगीताच्या जुन्या रेकॉर्ड नव्यानं छापून काढतात त्यांवर) मी जी पोस्ट लिहिली त्याखाली ‘अनामित’ म्हणून तुम्ही जे टाकलंय ते आधी थोडक्यात इथे देतो, म्हणजे बाकीच्यांना कळेल मी का पेटलोय. तुमचं म्हणणं असं की, ‘ज्यांना ओरिजिनल प्रेसिंग परवडत नाही तेच रीइश्यूच्या ढिगाला कलेक्शन म्हणतात.’ (ओरिजिनल प्रेसिंग म्हणजे त्या काळी पहिल्यांदा छापलेली रेकॉर्ड.) मग ही नवी रेकॉर्ड मूळ टेपवरून कापलीये का कुठल्या डिजिटल फाइलवरून याबद्दल पोस्टमध्ये अवाक्षर नाही. मग फ्रेंच संगीतकार नावापुरते आलेत. मग हे सगळं स्ट्रीमिंगवर आहेच की. आणि सगळ्यात शेवटी, वेगळ्या ओळीत, एकटंच: ‘अभ्यास वाढवा.’

हे शेवटचं आधी घेतो. मतभेद असू द्या हो, मतभेदासाठीच तर कमेंटचा डबा उघडा ठेवलाय, पण ‘अभ्यास वाढवा’ हे कोण कुणाला म्हणतं? मास्तर म्हणतात, नाहीतर सासरे म्हणतात. तुम्ही माझे दोन्ही नाही. मी ही पोस्ट ऑफिस सांभाळून, रात्री जागून, स्वतःच्या पैशाच्या रेकॉर्ड ऐकून लिहिली, त्यात कुणाची जाहिरात नाही, लिंक नाही, काही नाही, आणि तुम्ही चहा पिता पिता दोन मिनिटांत मला नापास करून मोकळे. तेही नाव न देता. हेच सगळं तुम्ही ‘मला वाटतं इथे अमुक राहिलं’ असं लिहिलं असतंत तर मी तुम्हाला धन्यवाद म्हणालो असतो, खरंच.

आता तुमचं ते मुख्य वाक्य. परवडत नाही म्हणून रीइश्यू. हो, परवडत नाही! त्यात लपवायचं काय आहे? साठ-सत्तरच्या दशकातली बरी इटालियन साउंडट्रॅक एलपी आज शेकडो युरोला जाते, वर कुरियर, वर कस्टम, वर टॅक्स, आणि ती हातात येईपर्यंत तुम्हाला माहीत नसतं की आत काय आहे. मी पण घेतलीये की ओरिजिनल. युरोपातल्या एका विक्रेत्याकडून, नाव घेत नाही, ‘व्हीजी प्लस’, म्हणजे खूप चांगल्या अवस्थेतली, म्हणून पाठवली, आणि सुईखाली ठेवल्यावर पहिल्या बाजूला संगीत कमी आणि पावसाचा आवाज जास्त. परत पाठवायचा खर्च रेकॉर्डपेक्षा फार कमी नव्हता. तर मला ओरिजिनलचा अनुभव नाही असं समजू नका.

पण पैशाचा मुद्दा सोडा, माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. तुम्ही गृहीतच धरलंय की प्रत्येक साउंडट्रॅकला एक ‘ओरिजिनल’ असते आणि रीइश्यू ही तिची गरिबांसाठीची आवृत्ती. या संगीतात असं नाहीये हो! जॅझ किंवा रॉकच्या अल्बमला ते चालेल, कारण तो अल्बम म्हणूनच बनला होता. सिनेमाचं संगीत सिनेमासाठी बनलं, एलपी नंतर कुणीतरी घाईत जोडली, किंवा जोडलीच नाही.

सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण घेऊ म्हणजे अभ्यासाचा प्रश्न येणार नाही. ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’, १९६६, संगीत एन्नियो मोरिकोनेचं. सिनेमा जवळजवळ तीन तासांचा. तेव्हाची एलपी ११ ट्रॅकची, अर्ध्या तासाच्या जरा पुढे. नंतर जी वाढीव आवृत्ती आली त्यात २१ ट्रॅक. म्हणजे ओरिजिनल प्रेसिंग काचेच्या कपाटात ठेवून बसलेल्या माणसाकडे जे संगीत नाही ते माझ्या ‘ढिगात’ आहे. आता सांगा कलेक्शन कुणाचं?

आणि याच सिनेमाची माझ्याकडे एक गंमत आहे, ती सांगतोच आता विषय निघालाय तर. माझा मामा मिरजेला रेल्वेत होता, त्याच्याकडे रेकॉर्डप्लेअर होता आणि नाट्यगीतांच्या रेकॉर्डच्या मधोमध एक इंग्रजी एलपी होती ज्यावर ही धून होती, ती शिट्टीवाली. मामा पाहुणे आले की ती लावायचा, आणि आम्ही पोरं गादीवर उड्या मारत बंदुका चालवायचो. मोठेपणी कळलं की ते मोरिकोनेचं रेकॉर्डिंगच नव्हतं, ह्यूगो मॉन्टेनेग्रो नावाच्या अमेरिकन बँडमास्तरानं वाजवलेलं होतं, जे १९६८ मध्ये तिकडे मोरिकोनेच्या मूळ रेकॉर्डिंगपेक्षाही जास्त गाजलं. मामा गेला, एलपी माझ्याकडे आली. जुनी आहे, कव्हरचे कोपरे गेलेत, तेव्हाचीच आहे, रीइश्यू नाही. तुमच्या व्याख्येत अगदी फिट्ट बसते महाराज. फक्त त्यात सिनेमाचं संगीत नाही एवढंच. रोममध्ये खरोखर कुणी शिट्टी वाजवली, कोण गायलं, ते मी पहिल्यांदा नीट ऐकलं ते रीइश्यूवर, आणि तेव्हा मी काही लहान नव्हतो. त्यामुळे मला कुणी रीइश्यू म्हणजे काय ते शिकवू नये.

शिट्टीवरून आठवलं. अलेस्सांद्रो अलेस्सांद्रोनी. ‘द गुड, द बॅड…’चा दिग्दर्शक सर्जिओ लेओनेच्या वेस्टर्नमधली ती शिट्टी त्याची, बरीचशी गिटारही त्याची, आणि मागचा कोरस म्हणजे त्याचाच ‘इ कांतोरी मोदेर्नी’ हा ग्रुप. त्याच सिनेमातल्या ‘एक्स्टसी ऑफ गोल्ड’मध्ये शब्दांशिवाय जो बाईचा आवाज वर वर जात राहतो तो एद्दा देल्लोर्सोचा. त्या काळच्या कव्हरवर मोठ्या टायपात काय असायचं तर सिनेमाचं नाव, नटांचे चेहरे, संगीतकार, फार तर कंडक्टर. बाकीचे गुडूप. आपल्याकडे मुंबईच्या स्टुडिओत व्हायोलिन आणि ट्रम्पेट वाजवणाऱ्या गोवेकर वादकांचं जे झालं तेच. ही माणसं मला सापडली ती रीइश्यूच्या आतल्या पुस्तिकेत, जिथे कुणीतरी बसून सेशनचे कागद शोधून, म्हाताऱ्या वादकांना भेटून लिहिलंय. तुमच्या ओरिजिनलमध्ये अशी पुस्तिका असेल तर मला स्कॅन पाठवा.

बरं नावांचंच बघायचं तर पिएरो उमिलियानी हा इटालियन संगीतकार घ्या. ‘मा ना मा ना’ ज्याचं, जे मपेट्स या टीव्हीवरच्या बाहुल्यांमुळे जगभर झालं, ते मुळात १९६८ च्या स्वीडनवरच्या एका इटालियन डॉक्युमेंटरीतलं आहे, लहान मुलांना दाखवावी अशी ती नाही. या उमिलियानीचा रोममध्ये स्वतःचा स्टुडिओ होता, स्वतःची लेबलं (रेकॉर्ड कंपन्या) होती, आणि टीव्ही-सिनेमावाल्यांना वापरायला म्हणून तो जे संगीत काढायचा त्यावर तो नाव कधी मोग्गी टाकायचा, कधी झाल्ला, कधी रोवी. त्या मोजक्या प्रतींच्या रेकॉर्ड दुकानात यायच्याच नाहीत, त्या कामाच्या रेकॉर्ड होत्या, स्टुडिओच्या कपाटातल्या. तर ओरिजिनलवर टोपणनाव, आणि उमिलियानी हे नाव ठळक छापून ती रेकॉर्ड तुमच्या-माझ्यासारख्याला मिळाली ती रीइश्यू करणाऱ्यांमुळे. यात परवडण्याचा प्रश्न कुठे येतो? जी गोष्ट विकायलाच नव्हती ती मी तेव्हा जन्मलो असतो आणि लखपती असतो तरी कुठून घेणार होतो?

रोमच्या ‘काम’ (C.A.M.) या साउंडट्रॅक कंपनीचं पण बघा. १९५९ साली सुरू झाली, दोन हजारांहून जास्त साउंडट्रॅक तिच्याकडे आहेत, २०११ मध्ये शुगर या इटालियन कंपनीनं ती घेतली आणि आता ते कपाट हळूहळू उघडतायत. त्यातलं कितीतरी पूर्वी कधीच बाहेर आलेलं नाही. जे पहिल्यांदाच बाहेर येतंय त्याला रीइश्यू हा शब्द आपण सवयीनं लावतो इतकंच.

आणि ‘ल मेप्री’चं काय करायचं? गोदारचा सिनेमा, १९६३ चा, नटी ब्रिजित बार्दो. फ्रेंच आवृत्तीला जॉर्ज दलरूचं संगीत आहे, ते ऐकून माणूस दोन दिवस कामाचा राहत नाही, दिग्दर्शक स्कोर्सेसेनं ते पुढे त्याच्या ‘कसिनो’ सिनेमात वापरलं. पण इटलीत तो सिनेमा लागला तेव्हा दलरूला काढून पिएरो पिच्चिओनीचं जॅझसारखं संगीत घातलं. एकच सिनेमा, दोन देश, दोन पूर्ण वेगळी संगीतं. सांगा मग ओरिजिनल कुठली? मी दोन्ही शेजारी शेजारी लावून ऐकतो, आणि मला ते रीइश्यूंमुळे जमतं.

आता बाकीचं पटकन उरकतो कारण जेवायचं राहिलंय.

फ्रेंच बाजू कमी पडली, हे मान्य. मी काही आडमुठा माणूस नाही, बरोबर ते बरोबर. पोस्ट लांबली आणि फ्रेंच मंडळी शेवटच्या डब्यात कोंबली गेली. तरी आलाँ गोरागेरचं ‘ला प्लानेत सोव्हाज’ (१९७३) मी घेतलं होतं, ज्याचा तुकडा मॅडलिब या अमेरिकन हिपहॉपवाल्यानं क्वासिमोटो या टोपणनावाखाली उचलला, ते तुम्ही वाचलेलं दिसत नाही. राहिला तो फ्रान्स्वा द रुबे. हा संगीतकार पॅरिसमध्ये घरातच टेप मशिन आणि सिंथेसायझर मांडून एकट्यानं थरावर थर रचायचा, आणि समुद्राचा इतका नाद की १९७५ च्या नोव्हेंबरमध्ये तेनेरीफला डायव्हिंग करतानाच गेला, अवघ्या ३६ व्या वर्षी. त्यानं समुद्रसंशोधक कूस्तोच्या अंटार्क्टिकाच्या फिल्मसाठी केलेलं संगीत नाकारलं गेलं, तेव्हा रेकॉर्ड निघालीच नाही, ती आली कित्येक दशकांनी. म्हणजे बघा, तुमचा फ्रेंच मुद्दा घेतला तरी फिरून माझ्याच मुद्द्यावर येतो! नाकारलेल्या संगीताची ओरिजिनल प्रेसिंग शोधायला जा तुम्ही, मी थांबतो इथेच.

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसचं ‘आसांसर पूर लेशाफो’ पण तसंच. ४ आणि ५ डिसेंबर १९५७, पॅरिस, पडद्यावर लुई मालच्या सिनेमाचे तुकडे बघत वाजवलेलं. तेव्हाच्या दहा इंची रेकॉर्डवर ट्रम्पेटवर प्रतिध्वनी चढवलेला आहे. तो नसलेले कोरडे टेक लोकांच्या कानावर पडले १९८८ च्या सीडीवर. दोन्ही ऐका, मग बोलू.

टेप का फाइल. हे बघा, मी साउंड इंजिनियर नाही, मी ऐकणारा माणूस आहे. प्रत्येक लेबल स्टिकरवर जे लिहितं ते लिहितं, ज्याला खोलात जायचंय त्यानं त्यांना मेल करावा. २०२२ मध्ये मोबाइल फिडेलिटी या रीइश्यू काढणाऱ्या अमेरिकन कंपनीचं प्रकरण झालं ते आठवतंय ना? अस्सल अॅनालॉग, म्हणजे थेट टेपवरून कापलेल्या, म्हणून लोक ज्या रेकॉर्डची पूजा करत होते त्यात मधे डिजिटल टप्पा निघाला, आणि तोवर एवढ्या मोठमोठ्या सोनेरी कानांना वर्षानुवर्षं पत्ता नव्हता. तेव्हा हा विषय माझ्यासाठी तिथेच संपला. तुम्हाला उकरायचा असेल तर तुमचा ब्लॉग काढा.

स्ट्रीमिंगवर आहे तर तिथे ऐका की, मी हात धरलाय का? (सगळं नाहीये तिथे, पण ते जाऊ दे.)

एक गोष्ट मात्र तुम्ही अगदी ओघात लिहून गेलात ती माझ्या नजरेतून सुटलेली नाही, की ‘माझ्याकडे दोन-तीन ओरिजिनल इटालियन प्रेसिंग आहेत, फरक कळतो.’ छान. कुठल्या? नावं का नाही दिलीत? मी माझ्या पोस्टमध्ये प्रत्येक रेकॉर्डचं कव्हर, लेबल, वर्ष, सगळं दिलंय, लोकांना तपासता यावं म्हणून. तुम्हीही मधल्या लेबलच्या कडेला, खोबणी संपते तिथे, जो मॅट्रिक्स नंबर (छाप कुठला ते सांगणारा) कोरलेला असतो त्याचा फोटो काढा आणि टाका. बऱ्याच ‘ओरिजिनल’ नंतरच्या छापाच्या निघतात हे जुन्या बाजारात उठबस असलेल्या कुणालाही विचारा. तुमच्या खऱ्या निघाल्या तर मी इथेच, याच पानावर, वर ठळक अक्षरात तसं लिहीन.

आणि यापुढे अनामित कमेंट बंद करतोय. नावानं या, भांडा हवं तेवढं.