पन्हाळ्यावरचा नाताळ : मिरजेच्या काकांना उत्तर

सलाम काका,

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा केएमटीच्या बसमध्ये उभ्या उभ्या, तेव्हा सरळ सांगते, राग आला. मग रात्री घरी निवांत बसून, आणि तिसऱ्यांदा मोठ्या आत्याला मोठ्यानं वाचून दाखवताना. आत्या काय म्हणाली ते शेवटी सांगते. थँक्यू काका म्हणून सोडून देता आलं असतं, पण तुम्ही सत्तरी ओलांडलेले, मिरजेच्या मिशन कंपाउंडात वाढलेले, आमच्याच समाजातले, आणि पोटतिडकीनं लिहिलंय ते कळतंय, तर उत्तर पण नीट द्यायला पाहिजे.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मी आमच्या नाताळबद्दल लिहिलं होतं, 24 च्या रात्रीची उपासना, 25 ला घर भरून जेवण आणि मग 26 ते 28 आम्ही 23 जण पन्हाळ्यावर. त्यावर काकांचं म्हणणं असं की नाताळ म्हणजे उपासना, तुम्ही त्याची पिकनिक केली, 28 ला तर रविवार होता तरी चर्च सोडून गडावर बसला. दुसरं म्हणजे करंज्या, चकल्या, दारात कंदील ही सगळी दिवाळीची नक्कल, "मग आपलं वेगळं काय राहिलं?" आणि तिसरं, फोटोत सगळ्या बायका चुलीपाशी आणि पुरुष बुरुजावर.

तिसऱ्यापासून सुरू करते कारण तिथं तुमचं बरोबर आहे. तो फोटो मीच काढलाय, 27 ची सकाळ, मला तो छान वाटला म्हणून टाकला, आणि तुम्ही लिहिल्यावर परत उघडून बघितला तर खरंच, सात बायका, त्यातल्या पाच जणी वर्षभर नोकरी करणाऱ्या, एकीचं दोन महिन्यांपूर्वी ऑपरेशन झालेलं, आणि ती पण परातीत पीठ मळतीय. मी तिला "तू बस" असं म्हणाले होते, पण तिच्या हातातली परात काय कुणी घेतली नाही. हे मी घरच्या ग्रुपवर तसंच्या तसं टाकलं. थोडा वेळ कुणी काही बोललं नाही, मग थोरल्या दादानं लिहिलं, पुढच्या वर्षी तिथलं रात्रीचं जेवण आम्ही गडी करणार, तांबडा-पांढरा माझ्याकडं, भांडी पोरांकडं. लेकी-सुनांनी वाचून ठेवलंय सगळं. तर त्याबद्दल मनापासून आभार.

आता करंजी. काका, इथं मात्र मी तुमचं ऐकणार नाही.

आमची पणजी बाप्तिस्मा घेऊन या घरात आली तेव्हा विशी ओलांडलेली होती, म्हणजे वीस वर्षं तिनं तिच्या आईच्या घरातलं तळण बघितलेलं. घरात बाळ जन्मलं, आनंद झाला की काय करायचं, तर कढई चढवायची, दिवे लावायचे, शेजारी ताट द्यायचं. येशूच्या जन्माचा आनंद करायला तिनं दुसरं काय करायला पाहिजे होतं? केक तिनं बघितलाच असेल तर साहेबांच्या बंगल्यात, तिच्या चुलीत तो होणारा नव्हता. नानकटाई पण पुढच्या पिढीत आली, आज्जी घरून रवा, मैदा, तूप, पिठीसाखर डब्यातून भट्टीवर न्यायची आणि पत्र्याच्या ट्रेमधून भाजून आणायची, आम्ही नातवंडं रांगेत तिचा नंबर धरून उभी. पण करंजी घरातली. अजून पण 22-23 तारखेला आमच्याकडं पारी लाटायला एक, सारण भरायला एक, कातणं फिरवायला एक असा घाणाच लागतो, आणि मुरड घालायचं काम मोठ्या आत्याचं, 84 व्या वर्षी, बोटं वाकडी झालीत तरी. चिमटीत कड धरायची, अंगठ्यानं दाबायची, पिळ द्यायचा, पुढं सरकायचं. तिच्या हातची करंजी तेलात फुटत नाही, आमच्या फुटतात.

आणि नक्कल म्हणाल तर मूळ कुठलं धरायचं ते पण बघा. नाताळचं झाड जर्मनीतून आलं. येशूच्या जन्माचा, गव्हाणीचा देखावा इटलीत संत फ्रान्सिसनं 1223 मध्ये ग्रेच्चो गावात पहिल्यांदा उभा केला, तिथल्या लोकांना कळावं म्हणून खरा बैल आणि गाढव आणून. आणि आमच्या कोल्हापुरात 1852 ला अमेरिकन मिशनरी वायल्डरसाहेब आले, पुढं त्यांचं हे मिशन प्रेस्बिटेरियन, म्हणजे प्रोटेस्टंटांमधल्या त्या पंथाचं झालं, आता त्या प्रेस्बिटेरियन परंपरेचं माहेर म्हणजे स्कॉटलंड, तिथं नाताळाकडं शतकानुशतकं संशयानंच बघितलं जायचं, 25 डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी तिथं 1958 मध्ये सुरू झाली! म्हणजे आपल्या आज्या-पणज्या कंपाउंडात करंज्या तळत होत्या तेव्हा तिकडं लोक त्या दिवशी कामावर जात होते. मग हा सगळा थाट आपल्याला आणून दिला कुणी? घरातल्या बायकांनी, हाताशी होतं त्यातनं. ते आपलंच आहे काका. 'नाताळ' हा शब्दसुद्धा पोर्तुगीजांकडून आला आणि मराठीत इतका मुरला की आता कुणाला परका वाटत नाही.

एक गोष्ट मूळ लेखात राहिली होती ती इथं सांगते. आमची गव्हाणी माझा भाचा करतो, वय वर्षं सात. दिवाळीत त्यानं अंगणात किल्ला केलेला, ती माती, तेच पोतं, मोहरी पेरून उगवलेलं तसंच हिरवं. मेंढपाळ काही बाजारात मिळाले नाहीत, तर त्यानं काळ्या लोकरीच्या तुकड्यातून घोंगडी कापली आणि किल्ल्यावरच्या दोन मावळ्यांच्या खांद्यावर टाकून धनगर केले. मी विचारलं हे रात्रीचे रानात का बसलेत रे, तर म्हणतो, "आत्या, खतासाठी की, आपल्या पलीकडच्या रानात बसवत्यात तसं." आमच्या भागात ऊस गेला की रानात मेंढरं बसवतात, रात्रभर लेंडीखत पडतं, धनगर तिथंच घोंगडं पांघरून राखण करत बसतो. लूकच्या शुभवर्तमानात रात्री कळप राखणारे मेंढपाळ येतात ना, ते त्या पोराला कुणी समजावून सांगावे लागले नाहीत. मला तरी यात आपलं वेगळेपण गेल्यासारखं वाटत नाही, उलट मी लहानपणी चकचकीत कार्डावरचे झगेवाले मेंढपाळ बघून मोठी झाले, ते मला कधीच इतके जवळचे वाटले नव्हते.

आता पन्हाळा. तुम्हाला सगळ्यात जास्त तेच लागलंय आणि मला पण सगळ्यात जास्त त्याबद्दलच बोलायचंय.

आधी तारखांचं सांगते. 25 ला नाताळ संपतो असं आपल्याकडं झालंय खरं, पण जुनी रीत 25 डिसेंबरपासून बारा दिवसांची आहे, 5 जानेवारीपर्यंत, 6 ला एपिफनी, मागी लोक, म्हणजे पूर्वेकडचे ज्ञानी, ताऱ्यामागनं आले त्याची आठवण. तेव्हा 26 ला आम्ही नाताळ सोडून पळालो नव्हतो, नाताळातच होतो.

पण हे झालं पुस्तकातलं, खरं कारण वेगळंच आहे. तुम्ही कंपाउंडात वाढलात म्हणून तुम्हाला लगेच कळेल. आपल्यातल्या कितीतरी घरांना गाव नाही. माझ्या मैत्रिणी सुट्टीला "गावाकडं" जातात, तिथं घर असतं, शेत असतं, भावकी असते, भांडण असलं तरी भावकी असते. चैत्र पौर्णिमेला जोतिबाची यात्रा असली की आमच्या गल्लीतल्या लोकांची मुंबई-पुण्यातली पोरं रजा टाकून येतात, गुलालानं लाल होऊन परत जातात, कुणी त्यांना बोलवायला लागत नाही. आमच्याकडं तसं काय आहे? आजोबा मास्तर, क्वार्टर नोकरीपुरती. मोठी आत्या मिरजेला मिशन दवाखान्यात नर्स, तिचीही क्वार्टर. माझे काका वेंगुर्ल्याला, धाकटी आत्या नाशिकला, आता पुढची पिढी पुणे, बेंगळुरू, एक जण मस्कतला. बदली झाली की ट्रंका भरायच्या. आमचं सगळ्यांचं मिळून एक घर कधी नव्हतंच.

एकच जागा आहे. आमच्या घरात जुनं बायबल आहे, पहिल्या कोऱ्या पानावर जन्म, बाप्तिस्मे, लग्नं, मरणं लिहिलेली, आणि त्यात सगळ्यात वरची ओळ पणजोबांची, बाप्तिस्मा मुक्काम पन्हाळा. मिशननं 1877 च्या सुमारास पन्हाळ्यावर ठाणं केलं होतं, त्यानंतरची ही गोष्ट. आज तिथं आमचं काही नाही, एक दगड पण नाही, पण आम्ही 23 जणं कुठून आलो असं विचारलं तर बोट दाखवायला तेवढी एक जागा आहे. कोल्हापूरपासून जेमतेम 20 किलोमीटर. सात वर्षांपूर्वी आजोबा गेले तेव्हा थोरल्या दादानं काढलं की वर्षातून एकदा तरी तिथं जमायचं, नाहीतर ही पोरं एकमेकांना लग्नाच्या पत्रिकेवरनं ओळखतील. तेव्हापासून घरामागं महिन्याला 500 रुपयांची भिशी आहे, त्यातनंच सगळं होतं, पेन्शनवाल्यांकडून घेत नाही.

गडाचं म्हणाल तर ते भान आहे. पोरांना तीन दरवाजा, अंबरखाना, सज्जाकोठी सगळं चालत दाखवलं, 1660 चा सिद्दी जौहरचा वेढा आणि त्या पावसाळी रात्री महाराज विशाळगडाकडं कसे निघाले ते बाजीप्रभूंच्या पुतळ्यापाशी उभं राहून सांगितलं. 2025 च्या जुलैत पन्हाळा जागतिक वारशात गेला त्याचं या पोरांना केवढं कौतुक! स्पीकर नाही, दारू नाही, कचरा दोन पोत्यांत भरून खाली आणला.

आणि आता रविवार. 28 ला सकाळी आम्ही चर्चमध्ये नव्हतो, ते खरं. व्हरांड्यात होतो. धुकं इतकं की समोरचं झाड दिसत नव्हतं, चटया टाकल्या, पोरं रगात गुंडाळलेली, आत्या खुर्चीत, स्वेटरवर शाल, शालीवर कानटोपी आणि हातात भिंग. दोन गीतं झाली, पेटी नव्हती म्हणून पुतण्यानं डब्यावर ठेका धरला. मग आत्यानं लूकचा दुसरा अध्याय वाचायला घेतला आणि मरीया-योसेफाला उतारशाळेत जागा मिळाली नाही तिथं आली आणि थांबली. आम्हाला वाटलं भिंग धुरकटलं. तिनं भिंग खाली ठेवलं आणि सांगायला लागली की आजोबा रिटायर झाले तेव्हा क्वार्टर सोडायला महिना मिळाला होता, सामान ट्रकमध्ये चढलं, पाटा-वरवंटा शेवटी चढवला, आणि आज्जी परत आत गेली आणि रिकाम्या खोल्या झाडून काढल्या, येणाऱ्याला घाण दिसू नये म्हणून. मग कुलूप लावून किल्ली देऊन आली. कुणाबद्दल तक्रार नव्हती तिच्या सांगण्यात, नियमच तसा होता. आत्या म्हणाली, "त्या दिवसापासून मला हे वचन वाचलं की आईचा केरसुणीचा हात दिसतो."

काका, माझं वय 41, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. माझ्या भावांनी पण. बेंगळुरूची भाची, जिला मराठी वाचता येत नाही, बोलते मात्र अस्सल कोल्हापुरी, ती उठून आत्याच्या पायाशी जाऊन बसली आणि म्हणाली, "आज्जी, पुढचं मी म्हणतो, तू सांग," आणि आत्या एकेक ओळ सांगत गेली आणि ती म्हणत गेली, संपूर्ण अध्याय. त्या रविवारी आम्ही खाली आलो असतो तर नेहमीच्या बाकावर बसून साडेदहाला घरी गेलो असतो. चर्चचं मोल मी कमी करत नाही, माझं लग्न तिथं झालं, आजोबांना तिथूनच नेलं, 31 च्या रात्री वॉच नाइटला, म्हणजे सरत्या वर्षाच्या उपासनेला, आम्ही सगळे तिथंच होतो. पण त्या सकाळला पिकनिक म्हणू नका, एवढं मागते.

आता आत्या काय म्हणाली ते. मी वाचून दाखवलं, तुमच्या प्रतिक्रियेतलं "आमची आई मेल वॉर्डात स्टाफ नर्स होती, नाताळला तिची ड्युटी असायची आणि आम्ही भावंडं वॉर्डातच केक खायचो" हे वाक्य आलं तशी तिनं हात वर केला, थांब म्हणाली. मग बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला विचार, त्याच्या आईच्या डाव्या हातावर भाजल्याचा डाग होता का." असेल तर ती तुमच्या आईबरोबर तीन वर्षं नाइट ड्युटीला होती, आणि त्या केकचे तुकडे कापून द्यायला पण. तुमचा नंबर इथं उघड्यावर टाकू नका, मला मेल करा. आत्या दुपारी चारनंतर जागी असते, फोन जरा जास्त वेळ वाजू द्या, उठून यायला तिला वेळ लागतो.