नॅशनलला कोण आलं नाही यावरून

आपल्याकडे नॅशनल इंटर-स्टेट ॲथलेटिक्स झाली की दोन प्रकारच्या बातम्या येतात, एक म्हणजे कोणी किती मीटर मारले, काय टायमिंग काढलं, आणि दुसरी म्हणजे कोण आलंच नाही, आणि खरं सांगायचं तर भांडणं दुसऱ्या बातमीवरूनच जास्त होतात. आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर हे ठरलेलंच आहे. माझा मामेभाऊ नाशिक जिल्ह्यात एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे, माझ्यापेक्षा मोठा, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो, आणि त्याचं म्हणणं एकदम सरळ: देशाची जर्सी घालायची असेल तर देशाच्या नॅशनलला यायलाच पाहिजे, मग तो भालाफेकीतला नीरज चोप्रा असो नाहीतर आणखी कोणी. मी काही बोलायला गेले की उत्तर तयार असतं, "अगं तुला तिकडे बसून काय कळणार."

तिकडे म्हणजे ओरेगन. पोर्टलंडच्या बाजूला हिल्सबरोत आम्ही राहतो आणि इथून गाडीने दोन तासांवर युजीन आहे, तिथलं हेवर्ड फील्ड म्हणजे अमेरिकेतल्या ट्रॅकवाल्यांची पंढरीच. त्यामुळे नॅशनलला यायचं की नाही हा वाद मी दोन्हीकडून बघते आणि मला वाटतं आपण भांडतोय ते चुकीच्या मुद्द्यावर.

आपल्याकडे बऱ्याच जणांचा समज असा की अमेरिकेत खेळाडूंना सगळी मोकळीक असते, फेडरेशन त्यांच्या मागे मागे फिरतं वगैरे. प्रत्यक्षात उलटं आहे. ऑलिम्पिकचं सिलेक्शन म्हणजे ट्रायल्स, आणि ट्रायल्समध्ये त्या दिवशी, त्या रेसमध्ये, क्वालिफिकेशन हातात असलेले पहिले तीन जाणार, बस. 2024 च्या ट्रायल्समध्ये अथिंग मू, म्हणजे टोकियो ऑलिम्पिकची 800 मीटरची गोल्ड मेडलिस्ट, फायनलच्या पहिल्याच लॅपमध्ये गर्दीत पडली, उठली, सगळ्यांच्या मागून रेस पूर्ण केली, अपील केलं, अपील फेटाळलं, आणि पॅरिसला 800 मध्ये ती नव्हती. ऑलिम्पिक चॅम्पियन! आपल्याकडे असं झालं असतं तर काय काय झालं असतं याची कल्पना करा. इथेही लोक हळहळले, कठोर आहे म्हणाले, मलाही फार वाईट वाटलं, पण नियम माहीत नव्हता किंवा एकाला एक न् दुसऱ्याला एक झालं असं कोणाला म्हणता आलं नाही.

आणि सवलत जिथे आहे तिथेही ती आधी लिहून ठेवलेली असते. 2025 ची अमेरिकन नॅशनल युजीनलाच झाली, नोआ लाइल्स आणि शकारी रिचर्डसन दोघंही आधीचे वर्ल्ड चॅम्पियन म्हणून टोकियो वर्ल्ड चॅम्पियनशिपला त्यांची 100 मीटरची जागा पक्की होती, तरी दोघांनाही नॅशनलला हजेरी लावावी लागली, दोघंही 100 ची एकेक हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, पळाले आणि मग माघार घेतली. लाइल्सने नंतर 200 मात्र पूर्ण ताकदीने पळून 19.63 मध्ये जिंकली. मेडिकल कारण असेल तर गोष्ट वेगळी, आमच्या ओरेगनचाच रायन क्राउझर कोपराच्या दुखापतीमुळे त्या वर्षी कुठेच उतरला नव्हता, थेट टोकियोत आला आणि 22.34 मीटर गोळा फेकून सलग तिसऱ्यांदा वर्ल्ड चॅम्पियन झाला. म्हणजे सूट आहे, पण कोणाला, कशासाठी, किती, ते सीझनच्या आधी सगळ्यांना ठाऊक.

आणि त्याच नॅशनलमध्ये कूपर लुटकेनहॉस नावाच्या सोळा वर्षांच्या शाळकरी पोराने 800 मीटर 1 मिनिट 42.27 सेकंदांत पळून दुसरा नंबर काढला, डोनावन ब्रेझियरच्या जेमतेम मागे. सोळा वर्षं! मोठे धावपटू शेजारच्या लेनमध्ये असतात म्हणूनच असं काहीतरी होतं. दादाचा खरा मुद्दा हाच आहे आणि तो मला शंभर टक्के पटतो. तो म्हणतो, "माझी पोरं नॅशनलला जातात तेव्हा त्यांना तिथे सगळ्यात मोठा माणूस दिसला पाहिजे, टीव्हीवर नको, वॉर्मअप करताना दिसला पाहिजे." 2024 च्या मे महिन्यात भुवनेश्वरला फेडरेशन कपमध्ये नीरज चोप्रा तीन वर्षांनी घरच्या मैदानावर उतरला, त्याला 82.27 मीटरला गोल्ड मिळालं, पण डी. पी. मनू 82.06 वर होता आणि चौथ्या राउंडपर्यंत आघाडीसुद्धा मनूचीच होती. नीरजसाठी तो साधा दिवस, पण बाकीच्यांसाठी तो जगातल्या सर्वोत्तम माणसाबरोबर एकाच रनवेवर धावण्याचा दिवस होता. आता, मनूचं पुढे डोपिंगमध्ये नाव आलं आणि त्याचं पॅरिस हुकलं, ती वेगळीच दुःखाची गोष्ट, तिच्याकडे येतेच.

पण "नाही आला म्हणजे माज आलाय" हे जे लगेच सुरू होतं ना, तिथे माझं आणि दादाचं वाजतं.

2022 चा जून आठवा. चेन्नईत 10 ते 14 जून इंटर-स्टेट होती, बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थची शेवटची सिलेक्शन. त्याच 10 जूनला इथे युजीनमध्ये एनसीएए, म्हणजे अमेरिकन युनिव्हर्सिट्यांची फायनल, आणि तिथे कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीकडून खेळणाऱ्या आपल्या तेजस्विन शंकरने 2.27 मीटर उंच उडी मारून टायटल जिंकलं. 2.27 हेच आपल्या ॲथलेटिक्स फेडरेशनने कॉमनवेल्थच्या निवडीसाठी ठेवलेलं स्टँडर्ड होतं. आणि त्याच आठवड्यात, 14 जूनला, नीरज फिनलंडमध्ये तुर्कूला 89.30 फेकून नॅशनल रेकॉर्ड करत होता. म्हणजे चेन्नईत दोघंही नव्हते. नीरजला सूट होती आणि ती बरोबरच होती. तेजस्विनचं नाव मात्र टीममध्ये आलं नाही, कारण काय तर इंटर-स्टेटला आला नाही आणि परवानगी नीट मागितली नाही. पोरगा दिल्ली हायकोर्टात गेला, मग फेडरेशन मानलं, एका जखमी खेळाडूच्या जागी नाव गेलं, मग तिकडच्या आयोजकांनी आधी उशीर झाला म्हणून नाकारलं, मग होकार आला, आणि हा शेवटच्या क्षणी बर्मिंगहॅमला पोचून 3 ऑगस्टला 2.22 वर ब्रॉन्झ घेऊन आला. कॉमनवेल्थमधलं उंच उडीतलं भारताचं पहिलं मेडल.

हे सगळं चालू असताना ग्रुपवर काय चाललं होतं ते मला अजून आठवतं, की अमेरिकेत शिकायला गेला म्हणजे आता देश आठवणार नाही, त्याला युनिव्हर्सिटी मोठी वाटते वगैरे. मला ते फार लागलं होतं. कारण इथे ॲथलेटिक्स स्कॉलरशिपवर शिकणं म्हणजे काय हे मी जवळून पाहिलंय, फी, राहणं, जेवण, कोच, फिजिओ सगळं युनिव्हर्सिटी देते आणि त्या बदल्यात वर्षातल्या सगळ्यात मोठ्या मीटला तुम्ही तिच्यासाठी उतरायचं असतं. एनसीएएच्या फायनलला न जाता चेन्नईला आलो असं सांगायची सोयच नसते. परदेशात राहणारा प्रत्येक जण अशा कुठल्या ना कुठल्या शब्दाला बांधलेला असतो, कोणी व्हिसाला, कोणी कंपनीला, घरातल्या लग्नाला सुद्धा कधीकधी येता येत नाही, म्हणून घर सुटलं असं थोडंच आहे.

बरं, आणि एनसीएएची फायनल जूनच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास असते हे काही गुपित नाही, वर्षानुवर्षं तेच चाललंय. त्या आठवड्यात आपली इंटर-स्टेट ठेवायची आणि मग पोरगं आलं नाही म्हणायचं, हे मला पटत नाही. मला राग आला तो या गोष्टीचा. नियम कडक असल्याचा राग नाही, कडकच असावा. पण नीरजची सूट आणि तेजस्विनची सूट एकाच कागदावर, एकाच शब्दांत, आधीपासून लिहिलेली हवी होती, म्हणजे कोर्टात जायची वेळच आली नसती.

आणि अविनाश साबळेचं बघा. बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा मुलगा, सैन्यात भरती झाला, सियाचीनला ड्यूटी केली, आणि मग 3000 मीटर स्टीपलचेसचं, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीचं, नॅशनल रेकॉर्ड इतक्या वेळा मोडलं की मोजदाद सुटली, शेवटचं पॅरिस डायमंड लीगला, 8 मिनिटं 9.91 सेकंद. 2024 च्या जूनमध्ये तो आमच्या पोर्टलंडमध्ये ट्रॅक फेस्टिव्हलला पळाला, 8 मिनिटं 21.85 सेकंद, दुसरा, आणि त्याच मीटमध्ये गुलवीर सिंगने 5000 मीटरचं साबळेचंच रेकॉर्ड मोडलं, 13 मिनिटं 18.92 सेकंद. हीच माणसं कोलोरॅडोला महिनोन् महिने उंचावर ट्रेनिंग करतात, घरदार सोडून, परक्या जेवणावर, आणि ते कशासाठी, तर अशी रेस मिळावी म्हणून जिच्यात पुढे पळणारा कोणीतरी असेल. घरच्या स्टीपलचेसमध्ये साबळेच्या पुढे कोण असणार? पुढच्या वर्षी गुलवीरने बॉस्टनला इनडोअर 5000 मीटर 12 मिनिटं 59.77 सेकंदांत पळून 13 मिनिटांची भिंत फोडली, तो पहिला भारतीय. असं टायमिंग रिकाम्या ट्रॅकवर एकट्याने पळून निघत नाही.

2025 ला चेन्नईच्या इंटर-स्टेटला साबळे नव्हता, तेव्हाही कोणीतरी विचारलंच, "आता हा कुठे?" अरे, जुलैत मोनॅकोला वॉटर जंपवर पडून त्याच्या गुडघ्याचं लिगामेंट गेलं होतं! अडथळ्यांच्या शर्यतीतली ज्योती याराजीही गुडघ्यामुळेच बाहेर. आधी बातमी वाचावी, मग बोलावं, एवढी तरी अपेक्षा चुकीची नाही. 2022 ला नीरज वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये इथेच हेवर्डला 88.13 फेकून सिल्व्हर घेऊन गेला, आम्ही स्टँडमध्ये गळा बसेपर्यंत ओरडत होतो, आणि दोनतीन दिवसांत कळलं की दुखापतीमुळे तो कॉमनवेल्थ खेळणार नाही. लगेच लोक सुरू, की वर्ल्डला बरा होता आणि देशासाठी नाही. माणसाच्या शरीराला एवढं गृहीत धरू नये.

पण नॅशनलमधल्या ज्या गैरहजेरीबद्दल आपण खरंच आरडाओरडा करायला हवा, ती स्टार लोकांची नाहीच. सप्टेंबर 2023 मध्ये दिल्लीच्या राज्य स्पर्धेत नाडाचे, म्हणजे डोपिंग तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचे, लोक टेस्टिंगला आले हे कळल्यावर खेळाडू मैदान सोडून गेले आणि पुरुषांच्या 100 मीटरच्या फायनलला एकच धावपटू उभा राहिला. एकच! जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये, देशाच्या राजधानीत. आणि 2022 च्या त्याच चेन्नईत महिलांच्या तिहेरी उडीत 14.14 मीटरचं नॅशनल रेकॉर्ड झालं, सगळीकडे कौतुक झालं, मी स्वतः ती बातमी ग्रुपवर टाकली होती, आणि त्याच स्पर्धेत घेतलेलं सॅम्पल पॉझिटिव्ह आलं, बर्मिंगहॅमही गेलं आणि पुढे बंदी लागली. अशा बातमीनंतर जे प्रामाणिकपणे चौथे पाचवे आलेले असतात त्यांचं काय होतं याचा विचार करा. कारण आपल्याकडे नॅशनलचं मेडल म्हणजे नुसतं मेडल नसतं, ती रेल्वेची, पोलिसातली, सैन्यातली नोकरी असते, महाराष्ट्रात तर सरकारी भरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. अमेरिकेत सातव्या नंबरच्या धावपटूला कोणी नोकरी देत नाही, तो दुकानात काम करून ट्रेनिंग करतो, त्या बाबतीत आपली पद्धत मला जास्त माणुसकीची वाटते आणि मी हे इथल्या मित्रमंडळींनाही अभिमानाने सांगते. पण म्हणूनच ते मेडल स्वच्छ असायला हवं. दादाच्या शाळेतली पोरं उन्हात सरावाला येतात ती याच आशेवर, आणि कोणीतरी इंजेक्शन घेऊन त्यांच्या पुढे गेला तर त्यांचं अख्खं घर मागे राहतं.

अमेरिकेचा पहिल्या तीनचा नियम जसाच्या तसा उचलून आणा असं मी म्हणत नाहीये. इथे प्रत्येक इव्हेंटला फायनलच्या लायकीचे आठदहा लोक असतात, एक मू पडली तरी टीम उभी राहते. आपल्याकडे एक नीरज, एक साबळे, आणि उंच उडीत एक सर्वेश कुशारे, नाशिकच्या देवगावचा, मक्याच्या भुशाच्या गादीवर उडी शिकलेला, जो 2025 च्या टोकियो वर्ल्डमध्ये 2.28 वर सहावा आला. अशा माणसाचा एक वाईट दिवस गेला म्हणून त्याला घरी बसवणं आपल्याला परवडणारं नाही. तेव्हा निवड करताना थोडी जागा ठेवा, पण ती किती आणि कोणासाठी ते आधी छापा.

दादाशी परवा पुन्हा बोलले. तो म्हणाला, "चल, सूट देऊ, पण मग ज्याला सूट दिली त्याने वर्षातून एक तरी घरची मीट खेळायचीच, तारीख त्याने निवडावी." यावर मी लगेच हो म्हटलं. 2025 च्या जुलैत बंगळुरूला नीरजने स्वतःच्या नावाची भालाफेक स्पर्धा भरवली तर कांतीरवा स्टेडियमला हजारो लोक आले, म्हणजे घरच्या मैदानावर यायला मोठ्या खेळाडूंची ना नाही, आणि बघायला लोकांचीही ना नाही. राहिला प्रश्न कॅलेंडरचा. लास वेगासच्या युनिव्हर्सिटीत आपली कृष्णा जयशंकर गोळा फेकते, इनडोअरला 16 मीटर ओलांडणारी ती पहिली भारतीय महिला, तिच्यासारखी आणखी पोरं दरवर्षी इकडे येतायत, आणि त्यांची एनसीएए जूनमध्येच असणार आहे. इंटर-स्टेटची तारीख ठरवणाऱ्यांनी तेवढे चार दिवस सोडून द्यावेत.