बोलू नका, लेप तडकेल

आज सकाळी पावणेसातला पुन्हा काकांचा मेसेज. वर सूर्योदय, खाली कमळ, कमळाखाली ‘सुप्रभात’, आणि सगळ्यात खाली त्यांनी स्वतः टाईप केलेले दोन शब्द : ‘लावता ना?’

नाही लावत. क्रूझवरून येऊन तीन आठवडे झाले, मी त्या क्रीमच्या डबीचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही. पण हे काकांना सांगायची सोय नाही, कारण ती डबी मला त्यांनी ‘मिळवून दिली’ आहे. पैसे माझे, चेहरा माझा आणि उपकार त्यांचे.

क्रूझ कुठली, का गेलो वगैरे सोडा. जहाज एका बंदराला लागलं होतं, आमची ही किल्ला बघायला उतरली, आणि तीनशे पायऱ्या आहेत हे कळल्यावर मी म्हणालो, “तू जाऊन ये, मी आपली जरा मान दाबून घेतो.” बंदराच्या दिवशी जहाजावरचा स्पा स्वस्त असतो, कारण शहाणी माणसं किनाऱ्यावर गेलेली असतात. मागे उरलेल्यांसाठी मान, डोकं आणि चेहरा असं पन्नास मिनिटांचं एकत्र पॅकेज होतं. मला फक्त मान हवी होती. पण नुसती मान घेतली तर ती तिन्हींपेक्षा महाग पडत होती. हा हिशेब मला तेव्हाच खटकायला हवा होता.

आधी एक फॉर्म दिला. पहिल्या पानावर रक्तदाब, मधुमेह, ॲलर्जी. रास्त आहे. दुसऱ्या पानावर प्रश्न होता : ‘तुमच्या चेहऱ्याबद्दल तुम्हाला काय खटकतं?’ खाली चौकोन. सुरकुत्या, डोळ्यांखालची सूज, डाग, मोठी रंध्रं, निस्तेज कांती, इतर. बावन्न वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. लोक परस्पर मत देऊन मोकळे होतात. मी भारावून जाऊन चार चौकोनांत खुणा केल्या. तो तब्येतीचा फॉर्म नव्हता, कबुलीजबाब होता, आणि खाली सही मीच ठोकली.

मग थांबायच्या खोलीत बसवलं. मंद दिवे, काकडीचं पाणी, ‘कृपया हळू बोला’ अशी पाटी. पाटीच्या बरोबर खाली पांढऱ्या झग्यात एक गृहस्थ बसले होते. सत्तरीच्या पुढचे. पायात स्पाच्या सपाता, सपातांत स्वतःचे मोजे.

“मराठी का?” ते गरजले. समोरची एक बाई झोपेतून दचकली.

“हो. कसं ओळखलंत?”

“फुकटचं पाणी तिसऱ्यांदा घेतलंत.”

हे काका. त्यांची ही सहावी क्रूझ. “काकूला आत शेवाळात गुंडाळलंय,” त्यांनी सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं. “तासाभराने सोडतील.” आणखी बरंच सांगणार होते, पण तेवढ्यात मला बोलावणं आलं.

खरं सांगतो, पहिली वीस-पंचवीस मिनिटं स्वर्ग होता. मुलीचा हात चांगला होता. मानेतली एक जुनी गाठ तिने अशी काही पकडली की मला तिच्याबद्दल मुलीसारखं प्रेम वाटायला लागलं. मग तिने माझ्या तोंडावर काहीतरी गार, हिरवं, भरतीनंतरच्या खडकासारख्या वासाचं थापलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, “आता अजिबात बोलू नका हं, लेप तडकेल.”

आणि मग ती बोलायला लागली.

माझ्या खांद्यांत म्हणे टॉक्सिन साठली आहेत. फार दिवसांची आहेत. मी “अं?” केलं. तिला वाटलं, मला धक्का बसला. आता, माणसाची दोन मूत्रपिंडं दिवसाला साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळून काढतात, जवळजवळ सगळं परत रक्तात सोडतात, आणि उरलेलं दीड-दोन लिटर आपण बाहेर टाकतो. शिवाय यकृत आहे. घाण काढायचं खातं शरीरात आधीपासून आहे आणि ते सुट्टीच्या दिवशीही चालू असतं. खांद्यात गोदाम कुणी काढलं? आणि त्या टॉक्सिनचं नाव काय? हा प्रश्न मी विचारणार होतो. पण तोंडाला लेप.

“तुमची त्वचा तहानलेली आहे,” ती म्हणाली. मला कधी बोलली नव्हती.

“घरी काय वापरता?” साबण. पण हे लेपातून कसं सांगणार? ती आता पायाची बोटं ओढत होती, आणि मधेच तिने विचारलं, “दाब ठीक आहे ना?” मी उजव्या हाताचा अंगठा वर केला. तो वर असतानाच तिने, श्वाससुद्धा न घेता, पुढचं विचारलं, “मग तुमच्यासाठी मी छोटासा दिनक्रम लिहून देऊ ना?”

आपल्याकडे अंगठा दाखवला की समोरचा समजून जातो, इथे काही मिळायचं नाही. सावकारापासून पोटच्या पोरापर्यंत सगळ्यांना कळतं. त्या खोलीत त्याचा अर्थ नेमका उलटा होता. मी घाईघाईने अंगठा खाली केला, पण ऑर्डर गेली होती.

हे प्रवचन किती वेळ चाललं ते मला माहीत आहे. डोळ्यांवर ओल्या चकत्या होत्या, घड्याळ दिसत नव्हतं, पण पाठीमागे बासरी वाजत होती आणि ती दर चार मिनिटांनी पहिल्यापासून सुरू व्हायची. ती तीनदा फिरली. म्हणजे पन्नासातली बारा मिनिटं. मी शांततेचे पैसे दिले होते, त्यातला चौथा हिस्सा मी जाहिरात ऐकत पडलो होतो. टीव्हीवर निदान जाहिरात लागली की पाणी प्यायला उठता येतं. इथे उठलो असतो तर चादर घसरली असती.

लेप निघाला. तोंड मोकळं झालं, तोवर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. तिने हातात एक कागद दिला. त्याला ती ‘प्रिस्क्रिप्शन’ म्हणाली. क्लेन्झर, टोनर, सिरम, क्रीम आणि आंघोळीच्या पाण्यात घालायची शेवाळाची भुकटी. समोर खुणा, फॉर्मवर मी केल्या होत्या तशाच चार, वर एक तिच्याकडून. त्वचा साधारण २८ दिवसांनी नवी होते, म्हणून निदान तीन महिने लावायला हवं, म्हणून तीन डब्या. वय वाढलं की ते २८ दिवस लांबतात हे मला ठाऊक होतं, पण मी गप्प राहिलो. चौथी डबी निघाली असती.

“बघतो, विचार करून सांगतो,” मी म्हणालो. मराठीत याला ‘नाही’ म्हणतात.

“जरूर करा विचार,” ती म्हणाली. “तोवर मी काउंटरवर काढून ठेवते.”

काउंटरवर पाच वस्तू रांगेत मांडलेल्या होत्या. मी मनाशी वाक्य जुळवत होतो. विनम्र, ठाम, तिला वाईट वाटू नये असं. जवळजवळ जुळलं होतं. इतक्यात शेजारून आवाज आला.

“किती म्हणते?”

काका. झगा, मोजे, हातात काकडीचं पाणी.

मी नुसत्या क्रीमची किंमत सांगितली. (ती इथे लिहीत नाही. घरी तो विषय आत्ताच कुठे मिटलाय.)

“किती मिली?”

“पन्नास.”

“हॅ!” काकांनी ग्लास खाली ठेवला. “थांबा. तुम्ही बोलू नका.”

आज मला बोलू नका म्हणणारी ही दुसरी व्यक्ती.

“मॅडम,” काका इंग्रजीत म्हणाले, “लास्ट प्राइस?”

जहाजावर किमती फिक्स्ड असतात, असं मुलगी हसून म्हणाली.

“फिक्स्ड? जहाज तरी फिक्स्ड आहे का?” काकांनी खिडकीबाहेर हात केला. जहाज नेमकं धक्क्याला बांधलेलं होतं, पण त्यांचा जोर एवढा होता की मुलीनेही बाहेर बघितलं.

पाचही वस्तू घेतल्या तर सूट आहे, ती म्हणाली.

“पाच कशाला? एकच चेहरा आहे याला.” मग माझ्याकडे वळून मराठीत, “चेहरा पाडा जरा. पाडलेलाच आहे? उत्तम. तसाच ठेवा.”

“काका, मला खरं तर काहीच—”

“श्श. मॅडम, ओन्ली क्रीम. टू पीस. सेकंड पीस हाफ.”

मुलगी घुटमळली. मग तिने विचारलं, “हे तुमचे वडील का?”

“येस,” काका म्हणाले. माझ्या आधी.

ती आत गेली, कुणाला तरी विचारून आली आणि म्हणाली, ठीक आहे, तुमच्या वडिलांसाठी. काकांनी काउंटरवर थाप मारली. “पाडली! घ्या. दुसरी अर्ध्यात.”

“पण काका, मला पहिलीच नकोय.”

काका माझ्याकडे बघत राहिले. शाळेत वर्गात नवा आलेला मुलगा अंमळ मंद निघाला तर मास्तर बघतात तसे. “अहो, पहिलीला कोण विचारतंय? आपण दुसरीसाठी आलोय ना?”

यावर उत्तर असेल, पण मला अजून सापडलेलं नाही. एवढी घासाघीस झाल्यावर ‘नको’ म्हणणं म्हणजे मुलीचा अपमान, तिच्या आतल्या साहेबाचा अपमान आणि माझ्या नव्या वडिलांचाही अपमान. मी खोलीचं कार्ड पुढे केलं. जहाजावर रोख पैसे लागत नाहीत. कार्ड पुढे केलं की झालं. खिशातून काही गेलं असं वाटतच नाही. मालिशच्या बिलात १८ टक्के टिप आधीच धरलेली होती, म्हणजे त्या बारा मिनिटांवरही, आणि खाली ‘अतिरिक्त टिप’ अशी एक रिकामी ओळ होती. “ओळ रिकामी सोडू नये,” काका म्हणाले. “बरं दिसत नाही.”

जहाजावरचा कसिनो आणि ड्युटी-फ्री दुकानं बंदरात सहसा बंद असतात. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटर, बाहेर पडलं की मग ती उघडतात. स्पाला ती अट नाही. मला धक्क्याला बांधलेल्या जहाजात लुटलं. चाच्यांनी निदान खोल समुद्रात जायचे कष्ट घेतले असते. आणि विकलं काय, तर समुद्रच. खाली, चोहोबाजूंनी, फुकट, अथांग. त्यातला पन्नास मिली डबीत भरून.

टायटॅनिकवरही स्पा होता, तुर्की हमाम. १९१२ साली तिकीट चार शिलिंग. तिकीट काढा, घाम गाळा, घरी... असो. पण हमामवाल्याने कुणाच्या गळ्यात भुकटी मारल्याचं माझ्या वाचनात नाही.

त्या मुलीवर माझा राग नाही. थोडा आहे. पण महिनोन्‌महिन्यांचा करार, बिनखिडकीची खोली, दिवसभर परक्यांच्या पाठी, आणि कमाईचा मोठा वाटा कमिशनवर. हात इतका चांगला असून तिच्या हाताची किंमत ठरणार ती डब्या किती खपल्या यावर. तिने क्रीम विकलं नाही तर तिला कुणीतरी बोलावून घेणार, आणि त्या कुणीतरीला आणखी कुणीतरी. बहुतेक जहाजांवर स्पा जहाज कंपनीचा नसतोच, जागा घेतलेल्या दुसऱ्याच कंपनीचा असतो. त्यामुळे तक्रार केली की दोघं एकमेकांकडे बोट दाखवतात आणि तुम्ही मधे झग्यात उभे. निघताना ती हळूच म्हणाली, “सर्व्हे येईल, दहापैकी दहा द्या ना. नऊ दिले तरी मला विचारतात.” हे मात्र ती विकत नव्हती; खरंच मागत होती. मी दहा दिले. म्हणजे कागदोपत्री मी अत्यंत समाधानी आहे, आणि पुढच्या गिऱ्हाइकालाही असंच समाधान मिळणार.

पुढचे चार दिवस काका बुफेवर भेटत राहिले. नाश्त्याला, जेवणाला, आइस्क्रीमच्या मशीनपाशी. प्रत्येक वेळी माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवायचे. “फरक आहे!” आजूबाजूच्या अनोळखी लोकांना सांगायचे, “दुसरी अर्ध्यात मिळवली आम्ही.” शेवटून दुसऱ्या दिवशी काकू भेटल्या. शांत बाई. मी सहज विचारलं, “काकू, तुम्ही कुठलं घेतलंत?”

“आम्ही?” काकूंच्या आधी काकाच हसले. “छे हो! आम्ही फॉर्मवरच मोठ्या अक्षरात लिहितो, काही विकू नका म्हणून. सहा क्रूझ झाल्या, एक डबी घेतली नाही. तुम्ही लिहिलं नव्हतंत?”

शेवटच्या रात्री बिल आलं. हिने ते चष्मा लावून वाचलं, मग चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. “अहो, नको म्हणायचं ना सरळ.”

“तोंडाला लेप होता.”

“आणि दुसरी कशाला?”

“दुसरी अर्ध्या किमतीत होती.”

ती काही बोलली नाही. बॅगा रात्रीच दाराबाहेर ठेवायच्या होत्या, त्यामुळे तिने मुकाट्याने दोन्ही डब्या माझ्या मोज्यांत खोचल्या. आता त्यातली एक ती टाचांना लावते. टाचा बऱ्या आहेत म्हणते.

हे सगळं काकांना कसं लिहिणार? बराच वेळ फोन हातात धरून बसलो. मग एक अंगठा पाठवून दिला. कुठल्या अर्थाने घ्यायचा ते त्यांचं त्यांनी बघावं.

लगेच उत्तर आलं. ‘वा! संपत आली असेल ना?’