पैसे शिल्लक राहिले? मग खुलासा द्या

जगात सगळीकडे पैसे वाचवणाऱ्याचं कौतुक होतं, फक्त रिसर्च ग्रांटच्या ऑफिसात त्याच्याकडून लेखी खुलासा मागतात. मी अशाच एका ऑफिसात बसते. युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांना बाहेरून जे पैसे मिळतात, कधी सरकारी ग्रांट, कधी कंपनीचं कॉन्ट्रॅक्ट, त्यांचा हिशोब ठेवायचा, प्रत्येक खर्च नियमात बसतो का बघायचं, आणि बसत नसेल तर तसं प्राध्यापकांना सांगून बोलणी खायची हे माझं काम. घरच्यांना वाटतं मी सायन्सच्या जवळपास काहीतरी करते. जवळपास म्हणजे एवढंच, की मायक्रोस्कोप कसा चालतो ते मला माहीत नाही, पण तो खर्चाच्या कुठल्या हेडमधनं घेतला, कोटेशनं किती आली, त्याच्यावर नंबराचं स्टिकर कुठे चिकटवलंय आणि उद्या तो मोडीत काढायचा झाला तर कुणाकुणाला विचारावं लागेल हे मी झोपेत सांगू शकते.

ग्रांट मंजूर झालं की प्राध्यापकांना वाटतं मोठी रक्कम आली. आकडा मोठा असतो हे खरं, पण तो पैसा एकत्र कधीच नसतो. पगार, इक्विपमेंट, कन्झ्युमेबल्स, प्रवास, किरकोळ, ओव्हरहेड म्हणजे युनिव्हर्सिटीचा वाटा, असा तो आधीच वाटून येतो, आणि वाटण्या झालेल्या भावांसारखा एका हेडचा पैसा दुसऱ्याच्या उंबऱ्याला पाय लावत नाही. यावरून एका सिनियर सरांशी माझा जो संवाद होतो तो आता दोघांनाही पाठ आहे.

"मॅडम, पैसे आहेत ना?"

"आहेत सर."

"मग ऑर्डर टाका की."

"पैसे प्रवासात आहेत सर. तुम्हाला केमिकल पाहिजे."

"मग मी नाही जात प्रवासाला! कॅन्सल करा कॉन्फरन्स."

"नाही गेलात तर ते पैसे परत जातील सर. केमिकल तरी येणार नाहीच."

यावर सर चष्मा काढून टेबलावर ठेवतात आणि मग आम्ही दोघं मिळून अर्ज लिहायला बसतो. विषय, एका हेडमधून दुसऱ्या हेडमध्ये निधी वळवण्यास परवानगी मिळणेबाबत. त्यात असं पटवून द्यायचं असतं की हा खर्च अत्यंत गरजेचा आहे, पण प्रपोजल लिहिताना तो कुणालाही, अगदी कुणालाही, दिसणं शक्य नव्हतं. आता गंमत बघा, ज्याचं उत्तर आधी माहीत नसतं त्याला संशोधन म्हणायचं असं फॉर्मच्या वरच्या अर्ध्यात लिहायचं आणि खालच्या अर्ध्यात चौथ्या वर्षी काचेचं सामान किती लागेल त्याचा आकडा भरायचा. आकडा गोल असला तर रिव्ह्यूअरला वाटतं अंदाजपंचे टाकलाय, म्हणून लोक तो मुद्दाम खडबडीत करतात, शेवटी सात किंवा तीन आणतात. अंदाजपंचेच असतो, फक्त दाढी न केलेला.

खरी मजा प्रोजेक्ट संपताना. पहिली दोन वर्षं माणूसच मिळत नाही, मग मिळालेला माणूस सोडून जातो, मशीन कस्टममध्ये अडकतं, एथिक्स कमिटीची मीटिंग कोरम नसल्यामुळे पुढे जाते, आणि शेवटच्या महिन्यांत कळतं की पैसे तसेच पडून आहेत. मग सगळी लॅब खरेदीला लागते. ज्या डिपार्टमेंटमधनं वर्षभर फोन येत नाही तिथनं दिवसातनं तीनदा येतो. पण नियमावली लिहिणाऱ्यांनी ही माणसं आधीच बघून ठेवलेली असतात. खर्च वाजवी पाहिजे, त्याच प्रोजेक्टचा पाहिजे आणि मुळात परवानगीतला पाहिजे, अशा तीन चाळण्या जवळपास सगळीकडे आहेत. प्रोजेक्ट संपायला तीन आठवडे असताना भलंमोठं मशीन मागवलं की ऑडिटर पहिला प्रश्न हाच विचारतो की या तीन आठवड्यांत तुम्ही याच्यावर नक्की काय शोधलंत.

म्हणजे पैसे उरले तर काम का नाही केलं, जास्त गेले तर वरचे युनिव्हर्सिटीनं खिशातनं भरा, आणि अगदी बरोब्बर शून्यावर आले तर, हे मी अनुभवानं सांगते, सगळ्यात जास्त संशय त्याचाच येतो. शून्य आणलंत कसं?

यावर उपाय म्हणजे नो कॉस्ट एक्स्टेन्शन. जास्तीचे पैसे नकोत, फक्त मुदत वाढवा. सोपं वाटतं ना? अमेरिकेतल्या सरकारी ग्रांटच्या नियमात स्पष्ट लिहिलंय की नुसते उरलेले पैसे वापरायला म्हणून मुदतवाढ घेता येत नाही. त्यामुळे पत्रात पैसे हा शब्दच टाळायचा. वैज्ञानिक कारण लिहायचं, काही निरीक्षणं अपुरी आहेत, त्यांना अधिक काळ लागेल वगैरे. पत्र लिहिणाऱ्याला माहीत असतं, वाचणाऱ्याला माहीत असतं, मध्ये मी बसलेली असते मलाही माहीत असतं, आणि तिघंही अत्यंत गंभीर चेहऱ्यानं त्या अपुऱ्या निरीक्षणांबद्दल ईमेल करत राहतो.

टाइमशीटबद्दल लिहायला घेतलं तर रात्र पुरणार नाही. एका माणसाचा पगार तीन प्रोजेक्टवर टाकायचा तर कुणाचं किती काम केलं याची नोंद पाहिजे. युरोपियन युनियनच्या होरायझन २०२० या संशोधन निधीच्या योजनेत पूर्णवेळ माणसाचं वर्ष १,७२० तासांचं धरायची सोय होती, तिच्यानंतरच्या होरायझन युरोपमध्ये ते २१५ दिवसांचं झालं. दोन्हीकडे हिशोब सरळ आहे, वाकडे आहेत ते आमचे लोक. एक तरुण, हुशार, अत्यंत कामसू संशोधक आहे, त्याचे सगळ्या प्रोजेक्टचे टक्के मी बेरीज केले तर शंभराच्या वर. त्याला बोलावून म्हटलं, माणूस शंभर टक्क्यांचाच असतो. तर म्हणाला, "पण मॅडम, मी रात्री पण काम करतो ना." त्याचं खोटं नव्हतं, बिचारा करतो. पण अमेरिकन पद्धतीत तर आठवड्याला चाळीस तास करा नाहीतर ऐंशी, सगळं मिळून शंभरच. रात्रीच्या कामाला टक्केच नाहीत. ते त्यानं विज्ञानावरच्या प्रेमापोटी केलं असं धरायचं.

आणि ही टाइमशीटं भरायची कधी, तर महिन्याच्या महिन्याला. भरतात कधी, तर ऑडिटची तारीख लागली की. मग कुणी रजेवर असताना प्रयोगशाळेत आठ तास काम केलेलं असतं, कुणी विमानात बसून उंदरांना खाऊ घातलेलं असतं. युरोपच्या कोर्ट ऑफ ऑडिटर्सच्या रिपोर्टांत संशोधनाच्या खर्चातल्या चुकांमध्ये पगाराचा खर्च सारखा सारखा पुढे येतो, हे वाचल्यावर मला बरं वाटलं. म्हणजे उंदीर विमानात बसून खातात ते फक्त आमच्याकडेच नाही.

बिलांचं वेगळंच दुखणं. प्रवासातली बहुतेक बिलं थर्मल कागदावर येतात, त्यावरची अक्षरं काही महिन्यांत उडतात. आणि कागद सांभाळायचे किती दिवस? अमेरिकन सरकारी ग्रांटला शेवटचा हिशोब दिल्यापासून साधारण तीन वर्षं, होरायझन युरोपला मोठ्या ग्रांटसाठी शेवटचे पैसे मिळाल्यापासून पाच वर्षं. तेवढ्यात ऑडिटर आला की मी त्याच्यापुढे कोऱ्या कागदांची फाइल ठेवणार का? म्हणून बिल आलं की आधी स्कॅन, मग झेरॉक्स, मग झेरॉक्सवर सही, मग मूळ बिल पाठीमागे जोडायचं. टाचणी मारताना अक्षरांवर मारायची नाही. हे मी सगळ्यांना सांगते आणि सगळे मान डोलावतात आणि मग पाकिटात घडी घालून चार महिने फिरवलेलं बिल आणून देतात, ज्यावर फक्त धन्यवाद एवढंच वाचता येतं.

आता ओव्हरहेड. यावरून जितकी भांडणं मी पाहिली तितकी तर ऑथरशिपवरून पण नसतील. "माझ्या पैशातले युनिव्हर्सिटीनं का घेतले?" हा प्रश्न प्रत्येक नवा पीआय, म्हणजे ज्याच्या नावावर ग्रांट असतं तो मुख्य संशोधक, विचारतोच. वीज, लायब्ररी, झाडलोट, इंटरनेट, सुरक्षा असं सगळं मी गिनवते, त्यात माझाही पगार आहे ते तेवढं गिळते. किती टक्के हे देणाऱ्यावर. होरायझन युरोपमध्ये प्रत्यक्ष खर्चाच्या २५ टक्के सपाट दर, ब्रिटनमध्ये यूकेआरआय ही संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था एकूण खर्चाचा हिशोब मांडून बहुतेक वेळा त्याचे ८० टक्के देते, आणि अमेरिकेत ज्यांनी दर ठरवून घेतलेला नाही त्यांना जो किमान दर मिळतो तो ऑक्टोबर २०२४ पासून १० चा १५ टक्के झाला. मोठ्या अमेरिकन युनिव्हर्सिटी स्वतःचा दर वाटाघाटी करून घेतात, तो यापेक्षा पुष्कळ वर असतो.

आणि तिथेच ती प्रसिद्ध यॉट येते. १९९१ मध्ये अमेरिकेत संसदेच्या कमिटीपुढे स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटीच्या ओव्हरहेडची चौकशी झाली, तेव्हा त्या खर्चात ७२ फुटी यॉटचा घसारा निघाला, शिवाय युनिव्हर्सिटीच्या अध्यक्षांच्या निवासातली फुलं आणि देवदाराचं अस्तर लावलेलं कपाट. लोक खवळले. अध्यक्षांनी पद सोडायचं जाहीर केलं. पुढे १९९४ मध्ये सुमारे १२ लाख डॉलरवर प्रकरण मिटलं आणि सरकारनं फसवणुकीचा ठपका ठेवला नाही, पण तोवर ओव्हरहेडमधल्या प्रशासकीय खर्चाच्या भागाला कमाल २६ टक्क्यांची टोपी बसली होती ती बसलीच. यॉट कुणाची आणि टोपी कुणाला! मला नेहमी वाटतं की घसाऱ्याच्या तक्त्यात ती यॉट कुणीतरी टाइप केली असेल ना, माझ्यासारख्याच कुणीतरी, आणि तिला किंवा त्याला एकदा तरी वाटलं असेल का की हे जरा विचारून घेऊया. तेव्हापासून मी विचारते. फुलांचं बिल आलं की बॉटनी डिपार्टमेंटला सुद्धा विचारते, कशासाठी.

प्राध्यापकांची बाजू नाही असं नाही हां. २०१८ च्या एका अमेरिकन सर्व्हेत सरकारी ग्रांटवाल्या संशोधकांनी सांगितलं की ग्रांटसाठीच्या त्यांच्या वेळातला सुमारे ४४ टक्के वेळ प्रत्यक्ष संशोधनात नाही तर कागदपत्रात आणि अटी पाळण्यात जातो. त्यातला निम्मा तरी निव्वळ फुकट असतो असं माझं मत, आणि मी हे मत ऑफिसात मांडत नाही. तीच माहिती चार पोर्टलवर चार वेगळ्या फॉरमॅटात भरायची, एका ठिकाणी पीडीएफ दोन एमबीच्या आत पाहिजे, दुसऱ्या ठिकाणी रिझोल्यूशन कमी आहे म्हणून परत. यात विज्ञानाचं किंवा जनतेच्या पैशाचं कुठलं रक्षण होतं ते मला तरी कळलेलं नाही.

पण कुणी म्हणालं की बिलं तपासणं म्हणजे कारकुनी कटकट, की मी ड्यूक युनिव्हर्सिटीची गोष्ट काढते. तिथे एका लॅबमधली कर्मचारी संस्थेच्या पैशातनं घरगुती खरेदी करत होती, खोट्या पावत्या लावून. २०१३ मध्ये ते पकडलं गेलं आणि त्यावरून तिच्या डेट्याकडे लोकांनी नीट बघितलं तर डेटाही बनावट. त्या डेट्यावर ग्रांटं मिळालेली. २०१९ मध्ये युनिव्हर्सिटीनं ११.२५ कोटी डॉलर देऊन केस मिटवली, ती पण फॉल्स क्लेम्स ॲक्टखाली, जो १८६३ चा, यादवी युद्धात सैन्याला भिकार माल विकणाऱ्या ठेकेदारांसाठी केलेला कायदा. एवढे पीअर रिव्ह्यू पार करून गेलेला डेटा आणि पितळ उघडं पडायला सुरुवात कुठून तर पावत्यांपासनं! हे सांगितलं की सर थोडा वेळ बिलं वेळेवर देतात.

कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टबद्दल फार बोलत नाही, त्यात हेडांची भानगड कमी आणि वकिलांची जास्त. पेपर छापायच्या आधी कंपनीला दाखवायचा का, पेटंट कुणाचं, पैसे बिल दिल्यावर किती दिवसांनी. प्राध्यापक तोवर फोनवर सगळ्याला हो म्हणून बसलेले असतात. सही युनिव्हर्सिटीची लागते, तुमची नाही, हे सांगितलं की त्यांना अपमान वाटतो.

परवा तेच सिनियर सर पेढे दिल्याच्या आनंदात आले. नवीन ग्रांट मंजूर, चांगलं घसघशीत. मी अभिनंदन केलं, लेटर घेतलं, हेडं बघायला लागले. प्रोजेक्टची तारीख पुढच्या महिन्यापासनं होती. सर खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "मॅडम, ते केमिकल मी गेल्याच महिन्यात उधारीवर मागवून ठेवलंय, ते यात बसवता येईल ना?"