लहान मुलांची साक्ष आणि ‘पढवलेले बोलतात’ हा समज

नागपुरातील अनेक व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक मजकूर फिरतो आहे: ‘बारा वर्षांखालील मुलाची साक्ष कायद्याला चालत नाही, मुले पढवलेलेच बोलतात आणि एकट्या मुलाच्या साक्षीवर शिक्षा होत नाही.’ असा मजकूर वाचून एखादी आई तक्रार न देताच ठाण्याच्या पायरीवरून परतू शकते, म्हणून हे उत्तर.

वयाची अट कायद्यात नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम १२४ एवढेच पाहते की, साक्षीदाराला प्रश्न समजतो का आणि त्याचे सुसंगत उत्तर देता येते का; १८७२ च्या कायद्यातील कलम ११८ही हेच सांगत होते. बारा वर्षांचा उल्लेख येतो तो शपथ अधिनियम, १९६९ मध्ये, आणि तोही मुलाच्या सोयीचा आहे: शपथ म्हणजे काय हे त्याला कळत नसले, पण खरे बोलले पाहिजे हे कळत असले, तर त्याची साक्ष शपथेविना नोंदवता येते.

पढवण्याची भीती मात्र खोटी नाही. तान्ह्या पोळ्याहून, म्हणजे मुलांच्या लाकडी बैलांच्या सणाहून, परतलेल्या माझ्या पाच वर्षांच्या भाचीला मी विचारले, ‘काय काय झालं?’ ती म्हणाली, ‘बैलाचं चाक निघालं, आजोबांनी सुतळीनं बांधलं.’ दोनच गोष्टी, दोन्ही खऱ्या. मग मी विचारले, ‘निळ्या शर्टवाला दादा रागावला ना?’ दोनदा ती ‘नाही’ म्हणाली, तिसऱ्यांदा ‘हो’. असा कोणी दादा तिथे नव्हताच. तिने लबाडी केली नाही. मोठे माणूस तेच पुन्हा विचारते म्हणजे आपले उत्तर चुकले असावे, असे तिला वाटले. मुलांच्या लैंगिक छळाच्या आरोपावरून चाललेल्या कॅलिफोर्नियातील मॅकमार्टिन बालवाडी खटल्यात १९८३ पासून मुलांना असेच सुचवणारे प्रश्न वारंवार विचारले गेले, आणि १९९० पर्यंत चाललेल्या त्या प्रकरणात एकही आरोप सिद्ध झाला नाही.

पण म्हणून प्रत्येक मूल पढवलेलेच, असे ठरत नाही. मध्य प्रदेश राज्य विरुद्ध बलवीर सिंग (२०२५) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सात वर्षांच्या मुलीची साक्ष विश्वासार्ह मानली. पढवले असा नुसता आरोप पुरेसा नसतो, ते साक्षीतून किंवा पुराव्यातून दिसावे लागते. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम ३३ नुसार तर वकिलांचे प्रश्नही मुलापर्यंत न्यायाधीशांमार्फतच पोहोचतात आणि त्याला वारंवार न्यायालयात बोलावता येत नाही.

एकट्या साक्षीचा मुद्दा दत्तू रामराव सखारे विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९९७) या निकालाने केव्हाच निकाली काढला आहे: साक्ष विश्वासार्ह असेल तर तेवढ्यावर शिक्षा होऊ शकते, दुजोरा शोधणे हा सावधगिरीचा भाग आहे, कायद्याची अट नव्हे. तेव्हा घरी मूल काही सांगू लागले तर ‘मग काय झालं?’ एवढेच विचारावे, कोणाचे नाव आपण सुचवू नये, आणि त्याचे शब्द जसेच्या तसे, तारीख घालून, त्याच दिवशी लिहून ठेवावेत.